मोडायचा राहिलेला आगर

पंढरीच्या घरात कॅलेंडर एकच होतं, पण महिना ज्याचा त्याचा चालायचा.

कॅलेंडर फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर. ते सगळ्यांना सारखंच दिसायचं आणि कुणालाच लागू पडायचं नाही. पंढरीच्या अंगात बारा महिने फागुन, म्हणजे मीठ धरायचे दिवस आणि पाय घरात ठरायचे नाहीत. शेवंताबाईच्या अंगात बारा महिने श्रावण, म्हणजे गुडघ्याला कापड बांधून पलंगावर बसायचं, टीव्हीतल्या सुनांचे हाल बघायचे आणि दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मुलगा मिथुन न्हावा शेव्याला यार्डात थंड कंटेनरांचं तापमान तपासायचा. कोळंबी वजा अठरा, द्राक्षं शून्य. ऋतू हा बटणाचा प्रकार आहे असं त्याचं शांत मत होतं. राहिली सून रंजिता. तिला या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि तुझा कुठला महिना, हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

पण भाषा तिनेही उचलली होती. सकाळी उठून ती नवऱ्याला सांगायची, "आज बाबांचा फागुन वाढलाय. चपला सापडत नाहीत."

चपला सापडत नाहीत म्हणजे पंढरी बाहेर पडला. जुईनगर स्टेशनच्या अलीकडे एक पार्किंग होतं. तिथे पूर्वी आगर होता. मिठाचा. पंढरीने तो बापासोबत कसला, मग एकट्याने. आता तिथे पंढरी पहाटे गाड्यांच्या रांगांमधून झपाझप चालायचा, मध्येच थांबून आभाळ बघायचा, एखाद्या गाडीच्या टायरखाली वाकून जमीन चाचपायचा. नवा वॉचमन शिट्टी मारायचा. जुना वॉचमन नव्याला सांगायचा, "जाने दे. मालिक नहीं है, पर उसके जैसा ही है."

हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि चालून गेलं असतं. पण त्या माघात पंढरीला चक्कर आली आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली.

"झोप लागते?"

"लागंल. मीठ घरी आला की लागंल."

बाईंनी रंजिताकडे बघितलं. रंजिताने पंख्याकडे बघितलं.

"काका, प्रेशर खूप आहे. मीठ कमी करायचं."

"किती कमी?" पंढरीने विचारलं.

"जवळजवळ बंदच."

पंढरी हसला नाही, रागावला नाही. बाही खाली घेतली, बटण लावलं आणि उठला. जिन्यात रंजिताला म्हणाला, "हीपन तेच सांगते. त्यांनीपन तेच सांगलेला. आगर बुजवाला डंपर घेऊन आल्ते ते."

रंजिताने संध्याकाळी मॉलमधून एक डबा आणला. आत गुलाबी मीठ. डब्यावर बर्फाचे डोंगर.

"यो काय?" पंढरीने चिमूट उचलली, उजेडात धरली.

"मीठ हाय बाबा. हिमालयातलं. प्रेशरला चांगलं म्हणतात."

"डोंगरान मीठ?"

"हो."

"मंग आमी आगरान काय करत होतो?"

शेवंताबाई पलंगावरून म्हणाली, "खावा गुपचूप. सून आनते ता खावा. तुमच्याना आता चिमूटभर मीठ निघाचा नाय."

टीव्ही चालू होता, म्हणून तिला वाटलं तिचं बोलणं त्यात वाहून गेलं. ते गेलं नाही. पंढरी जेवला, ताट घासायला ठेवलं आणि माळ्यावर चढला. माळ्यावर फुटका पाळणा, गणपतीचे पाट आणि सगळ्यांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेली, मीठ ओढायची लाकडी फळी. लांब दांड्याची. त्याने दांडा हातात धरला तेव्हा तो त्याच्या तळव्यात बरोब्बर बसला. तळव्याने एवढी वर्षं जागा मोकळी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तो चिखल आणायला लागला.

घर चार मजल्यांचं. तळाला पंढरी, वर भाडेकरू, सगळ्यांत वर बँकेतला दिनानाथ आणि त्याची बायको मीना, त्यावर गच्ची. पंढरी मिथुनच्या जुन्या स्कूटरवर रंगाच्या रिकाम्या बादल्या लावून खाडीवर जायचा, कांदळवनाच्या कडेच्या उघड्या खाजणातला काळा चिखल भरायचा आणि चार मजले चढवायचा. लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर बादली टेकवायचा, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर एक काळं वर्तुळ उमटलं. गच्चीवर त्याने ताडपत्री अंथरली, चहूबाजूंनी विटांचा बांध घातला आणि त्यात चिखल पसरला. मग लुंगी वर खोचून तो तुडवू लागला. आगराची जमीन तुडवूनच तयार होते. टाचेखाली दगडासारखी वाजली पाहिजे, नाहीतर पाणी पिते.

दिनानाथच्या छतावर सकाळ-संध्याकाळ धप धप सुरू झालं. तो सांगली जिल्ह्यातला, नम्र माणूस. तीन दिवस त्याने वाट पाहिली. चौथ्या दिवशी वर आला.

"काका, नाचाचा क्लास आहे का?"

"आगर हाय."

"बरं," दिनानाथ म्हणाला. "आमच्याकडे विहीर बुजवली तेव्हा आमचे आजोबा दाढी करायचे बंद झाले. शेवटपर्यंत केली नाही."

"मंग?"

"मग काही नाही. तुम्ही तुडवा."

मिथुनने मात्र रविवारी बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"बाबा, स्लॅब हाय ती! खाली लोकं राहतात!"

"चार बोटं पानी. तुझी टाकी त्याचेपेक्षा जड हाय."

"कशाला पण? मीठ दहा रुपयाला भेटतं."

"तुझा भेटतो. माझा कुठं भेटतो?"

"तुमी ना, सेटिंग बदला जरा. किती वर्षं तेच तापमान. आमच्या यार्डात असा कंटेनर असता तर कधीच रिजेक्ट केला असता."

"मना तुझे यार्डान पाठव मंग," पंढरी म्हणाला आणि टाच आपटली. टाच वाजली. त्याने मिथुनकडे अशा नजरेने बघितलं की आता तूच सांग. मिथुनला काहीच ऐकू आलं नव्हतं.

अमावस्येच्या उधाणाला पंढरीने पाणी आणलं. उधाणाचं पाणी घेतात, ते जास्त खारं. पाण्याचे मोठे निळे जार स्कूटरवर पायांत एक, मागे दोन. नाक्यावर पोरं बसलेली.

"पंढरीदादा, पानी आलं नाय क घरान?"

"स्विमिंग पूल करतोय तो!"

"दादा, तिकीट किती?"

पंढरीने गाडी थांबवली. "तुझे आज्याला इचार. त्याने आमच्याकडं चार साल मीठ ओढलाय. पगार घेतलाय, तिकीट नाय घेतला."

पोरं हसली, पण ज्याचा आजा होता ते हसलं नाही.

पाणी भरलं. मग थांबायचं. आगरात काम म्हणजे निम्मं हेच. पंढरी दिवसभर टाकीच्या सावलीत बसायचा आणि दर थोड्या वेळाने उठून बोट बुडवून चाखायचा. डॉक्टरीणबाईंनी बंद केलेलं मीठ तो असं पाण्यातून हप्त्याहप्त्याने खात होता. ऊन वाढलं. त्याच्या पाठीचं कातडं सोलून निघालं, टाचांना भेगा पडल्या, भेगांत खार गेला. रात्री तो पाय आपटत पडायचा. झोप नाही. शेवंताबाई त्या पायांचा आवाज ऐकत पलीकडे पडलेली असायची. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती हाच आवाज ऐकत झोपली होती, पण तेव्हा तो ज्येष्ठात बंद व्हायचा.

पाणी आटत होतं, पंढरी वरून नवं घालत होता, आणि इकडे मिथुनने बातमी आणली.

जेवताना म्हणाला, "बाबा, गच्ची लागणार हाय."

"कोनाला?"

"सोलरला. पॅनल बसवायचेत. नंबर लागलाय आपला. पाडव्यानंतरच्या सोमवारी मानसं येतील."

पंढरीचा घास हातात राहिला. "कवा?"

"सोमवारी. आता चुकला तर नंबर पावसानंतर."

"अजून पानी शिजला नाय रं."

"किती दिवस लागतील?"

"ता मी कसा सांगू? उन्हाला इचार."

"त्याच उनासाठी तर पॅनल हाय ना बाबा! आख्खं गाव लावतंय."

पंढरीने घास ताटात ठेवला. "फागुन होता तवापन," तो कुणालाही न बघता म्हणाला. "मीठ धरत होता. वर नुसती साय आल्ती. सांगलं, पंधरा दिस द्या, ओढून घेतो. ते म्हनलं, मोबदला भेटला ना? आन् ओतला भराव. सायीवर."

ही गोष्ट घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकली होती. मिथुन तेव्हा पाळण्यात होता. त्याने तिथेही ऐकली असणार. रंजिताने भांड्यात डाव फिरवला. शेवंताबाईने मात्र टीव्ही बंद केला. या वेळेला टीव्ही बंद झाला की लाईट गेली असं समजून शेजारचे विचारायला यायचे.

शनिवारी पाणी लाल झालं.

पहिल्यांदा बघितलं ते मीनाने. ती कपडे वाळत घालायला गेली आणि कपडे तिथेच टाकून खाली आली. दिनानाथला म्हणाली, "अहो, वर रक्त आहे." दिनानाथ वर गेला. आख्खी गच्ची गुलाबी दिसत होती, डाळिंबाच्या पाण्यासारखी. बांधाच्या कडेला पंढरी उकिडवा बसला होता आणि त्याच्या तोंडावर असं हसू होतं जे भाडेकरू होऊन सहा वर्षं झाली तरी दिनानाथने बघितलं नव्हतं.

"काका, काय सांडलं?"

"काय सांडला नाय. पिकला. मीठ येवाचे आधी पानी असाच होतो." पंढरीने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे वर पातळ, काचेसारखी साय धरली होती. "आता दोन दिस. तीन दिस. ढवळाचा नाय, सावली पडू द्याची नाय."

खबर गावात गेली. तोवर ती बदलली होती. नाक्यावर पोहोचली तेव्हा पंढरीच्या गच्चीवर हिमालयातलं गुलाबी पाणी निघालं होतं आणि दोन म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी बाटल्या घेऊन आल्या होत्या. पंढरीने त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. एकीने जाताना खालच्या नळाची बाटली भरून नेली. दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला की फरक आहे.

सोमवारी सकाळी सोलरवाले आले. रूपेश नावाचा माणूस, हातात टेप, सोबत दोघं कामगार, लोखंडी खांब आणि ड्रिल. मिथुनने खास सुट्टी घेतली होती. सगळे गच्चीवर चढले. पंढरी आधीच तिथे होता. बांधाच्या मध्ये, फळी घेऊन, घोटाभर पाण्यात. साय आता अर्ध्या आगरावर धरली होती.

रूपेशने टेप काढली, परत आत घातली. "दादा, हे काय आहे?"

"बाबा, बाहेर या," मिथुन म्हणाला.

"नाय."

"बाबा, मानसं खोळंबलीत."

"तवापन खोळंबलेली. डंपरचा डायवर हॉर्न देत होता." पंढरीने फळी पुढे धरली नाही, उगारली नाही. फक्त तिच्यावर जोर देऊन उभा राहिला. तरी पायांभोवती पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. "बघ, हलतो मी. साय मोडंल. मना हलवू नको रं."

मिथुनने पाय उचलला बांधावर ठेवायला. तेवढ्यात खालून जिन्यात आवाज आला. पाऊल, थांबणं, श्वास. पाऊल, थांबणं, श्वास. कुणीतरी फ्रिज चढवतंय असं रूपेशला वाटलं.

दारात शेवंताबाई आली. मागे रंजिता, हातात प्लास्टिकची खुर्ची. शेवंताबाईने गच्ची बघितली. चार मजले बांधले तेव्हापासून ती इथे आली नव्हती. ती खुर्चीत बसली, पदराने तोंड पुसलं, बराच वेळ नुसता श्वास घेतला.

मग म्हणाली, "मिथुन, पाय काढ."

"आई, तू मधे..."

"पाय काढ सांगते. तुझा बाप आगरान हाय."

मिथुनने पाय काढला.

"आगर मोडला की यो मानूस घरी याचा," ती म्हणाली. बोलत होती मिथुनशी, बघत होती पाण्यातल्या नवऱ्याकडे. "जेठान बांध फोडाचा, फळी खांद्यावर टाकाची, दारान उभा राहाचा. मी पायावर पानी ओताची. मंग चार महिने माझा. ते साली आगर मोडलाच नाय. बुजवला. बांध कुनी फोडला नाय, पाय कुनी धुतलं नाय. तवापासना मी पावसाला धरून बसले, आन् हा घरी आलाच नाय. ताटावर बसतो, खाटेवर निजतो, पन आला नाय. आता येतोय, तं तू खांब रोवतोस?"

दोघा कामगारांपैकी एकाने ड्रिल पाठीमागे लपवली.

रूपेश म्हणाला, "मावशी, आमचा शेड्यूल असतो हो."

"तुझा काय असतो तो असू दे. आधी काय लावतोस?"

"आधी खांब."

"आन् काचा?"

"पॅनल नंतर. परवा."

"सावली कशाची पडते? खांबाची का काचेची?"

रूपेशने खांबाकडे आणि उन्हाकडे बघितलं. "पॅनलची."

"मंग ते कोपऱ्यातनं खांब लाव. काचा परवा. तवर इकडं यायाचा नाय. आन् चपला काढ, मीठ हाय."

सोलरच्या कामात चपला काढायला सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. तिघांनी काढल्या. दिवसभर ते पलीकडच्या कोपऱ्यात अनवाणी, चटके खात, खांब उभे करत राहिले आणि शेवंताबाई खुर्चीतून डोळा ठेवून राहिली. दुपारी रंजिताने सगळ्यांना जेवायला वरच दिलं. आमटीत मीठ कमी होतं. पंढरीने आपली आमटी आगरावर धरून दोन थेंब खारं पाणी टाकलं आणि रूपेशला खुणावलं. रूपेशनेही आपल्या आमटीत टाकलं.

बुधवारी मीठ ओढलं.

फळी सायीखाली गेली आणि आवाज आला, ओल्या वाळूवर रवा सांडल्यासारखा. पंढरी मागे मागे सरत ओढत होता. कंबर वाकलेली, दंडावर शिरा, टाचांतून रक्त. मिथुनने एकदा विचारलं, "मी ओढू?" पंढरीने फळी दिली. मिथुनने दोन ओढी मारल्या आणि चिखल वर काढला. पंढरीने फळी परत घेतली. बापलेकांत त्या दिवशी झालेलं बोलणं एवढंच, पण ते नेहमीपेक्षा जास्त होतं. कोपऱ्यात ढीग झाला, गुडघ्याएवढा, फिकट गुलाबी, वर थोडा काळसर. शेवंताबाईने चिमूट तोंडात टाकली आणि थुंकली.

"कडू हाय."

"खाडी बदलली," पंढरी म्हणाला.

"खावाचा नाय."

"नाय खावाचा. डॉक्टरीनबाय पन नाय म्हनते."

"मंग कशाला काढला?"

पंढरीने तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. या वयात तिला पुढचे तीन दात नव्हते, आणि हे त्याला नव्यानेच कळलं.

"फोडा आता," ती म्हणाली.

त्याने फावड्याने विटा सारल्या. उरलेलं लाल पाणी चिखल घेऊन गच्चीच्या पाइपात शिरलं. पाइप खाली कुठे निघतो, याचा विचार एवढ्या दिवसांत कुणीच केला नव्हता. तो निघत होता गल्लीत, जिथे दिनानाथ बँकेत जायला पांढऱ्या शर्टात स्कूटर काढत होता. वरून सगळ्यांनी वाकून बघितलं. दिनानाथ डोक्यापासून बुटापर्यंत गुलाबी झाला होता. तो काही क्षण तसाच उभा राहिला. मग त्याने ओठ चाटले, वर बघितलं आणि म्हणाला, "काका, झालंय बरोबर."

पंढरी फळी खांद्यावर टाकून जिना उतरू लागला. शेवंताबाई त्याच्या आधी निघाली होती, तरी तिसऱ्या मजल्यावर त्याने तिला गाठलं. तो मागे थांबून राहिला. पाऊल, थांबणं, श्वास. तळाला पोहोचल्यावर ती आत गेली, तांब्या घेऊन आली. तो उंबऱ्याबाहेर उभा. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिने उभ्यानेच पाणी ओतलं. निम्मं पायांवर, निम्मं पायपुसण्यावर.

"आलो," तो म्हणाला.

"या."

तो आत गेला, पलंगावर आडवा झाला, तिच्या जागेवर, आणि झोपला. दिवसाढवळ्या, फळी भिंतीला टेकवून, तोंड उघडं ठेवून. संध्याकाळी उठला नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला उठला, परत झोपला. पार्किंगमधला जुना वॉचमन चौकशी करून गेला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, हवा सोडली आणि विचारलं, "प्रेशर उतरलंय. कुठली गोळी वाढवली?" रंजिताने पंख्याकडे बघितलं.

पॅनल बसले. मीटर फिरायला लागलं. मिथुनने सांगितलं की आता घरात हवं ते तापमान ठेवता येईल.

आणि मग शेवंताबाईला बसवेना.

आधी तिने पलंगाची बाजू बदलली. मग खुर्ची. मग टीव्ही लावला, बंद केला, लावला. सुनांचे हाल तिला खोटे वाटू लागले. ती स्वयंपाकघरात येऊन डबे उघडायची, बंद करायची. दारात जाऊन उभी राहायची. वाट बघायला गेल्यासारखी, आणि तिथे गेल्यावर कळायचं की ज्याची वाट बघायची तो आत घोरतोय. हात रिकामे पडले होते. रात्री आता तिचे पाय आपटत होते.

"आई, काय होतंय?" रंजिताने विचारलं.

"ठाव नाय गो. आंगान ऊन आल्यासारका वाटते." मग तिने रंजिताकडे नीट बघितलं. "तुझा कनचा महिना गो? कवा इचारलाच नाय."

रंजिताच्या हातात पीठ होतं. तिने विचार केला. "मना अजून कॅलेंडर भेटलं नाय आई."

"भेटंल," शेवंताबाई म्हणाली. "माझा संपला की घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात परत तोच आवाज सुरू झाला. पाऊल, थांबणं, श्वास. दिनानाथच्या दारावरून तो वर गेला. पॅनलच्या मागे, उघड्या राहिलेल्या अरुंद पट्टीत, शेवंताबाईने उरलेल्या विटा लावायला घेतल्या. रंजिताने खुर्ची आणून दिली. तिने ती बाजूला सारली.

उन्हं कलल्यावर ती उतरली. पदर घामाने पाठीला चिकटलेला, टाचा काळ्या. उंबऱ्याबाहेर थांबली. आत पंढरी झोपलेला. तिने बोटाने दाराची कडी वाजवली, एकदाच, हलकी.

पंढरी उठला. डोळे चोळत दारात आला. तिचे पाय बघितले. काही न बोलता मागे फिरला आणि तांब्या घेऊन आला. त्याला वाकता येत होतं. वाकला, दोन्ही टाचांवरून नीट पाणी सोडलं, बोटांच्या बेचक्यांतली माती काढली.

"आलीस क?"

"नाय," शेवंताबाई म्हणाली. "च्या पिवाला आले. बांध आर्धा राहिलाय."